न जुळणाऱ्या नोंदींचा इतिहास : कासू परिसर, गाव नमुने आणि विदा-प्रतिमान

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात विदा-प्रतिमान, अर्थात डेटा मॉडेलिंग, या विषयाला आज महत्त्वाचे स्थान आहे. या विषयात दोन प्रकारच्या सारण्या मानल्या जातात. जी घटना घडली तिची नोंद ज्या सारणीत होते ती फॅक्ट टेबल. तिला आपण घटना-सारणी म्हणू. ती घटना कोणाबाबत, कोठे व कशाच्या संदर्भात घडली याची ओळख जी सारणी करून देते ती डायमेन्शन टेबल. तिला परिचय-सारणी म्हणू. दुकानातील प्रत्येक विक्री ही घटना होय, तर ग्राहकांची यादी हा परिचय होय. घटनेच्या नोंदीत ग्राहकाचा केवळ क्रमांक असतो; त्याचे नाव, गाव व इतर तपशील परिचय-सारणीत शोधावे लागतात. हा क्रमांक परिचय-सारणीत सापडलाच नाही तर काय करावे, हा या शास्त्रातील एक जुना व अवघड प्रश्न आहे. राल्फ किंबॉल यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' या ग्रंथामुळे ही मांडणी सर्वत्र रूढ झाली.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. महाराष्ट्रातील तलाठ्याच्या दप्तराला हा प्रश्न शतकभरापूर्वीच भेडसावत होता. त्यावर त्या दप्तराने काही ठिकाणी अतिशय विचारपूर्वक, तर काही ठिकाणी अतिशय अन्यायकारक उत्तरे शोधली. ही उत्तरे रायगड जिल्ह्यातील कासू परिसराच्या संदर्भात तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

कासू परिसराची पार्श्वभूमी

कासू हे पेण तालुक्यातील गाव मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ व नागोठणे यांच्या दरम्यान आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण व नागोठणे या स्थानकांच्या मध्ये कासू स्थानक येते. नागोठणे रोहा तालुक्यात असल्याने हा प्रदेश दोन तालुक्यांच्या सीमेवरचा आहे. पूर्वेला डोंगर व त्यांवरील कातकरी-ठाकरांच्या वाड्या, मधल्या पट्ट्यात भाताची खाचरे आणि पश्चिमेला अंबा नदी व धरमतर खाडीच्या काठची खारजमीन, अशी या भागाची सर्वसाधारण रचना आहे. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई.

जिल्ह्याच्या नामांतराचे हे साधे उदाहरणही आपल्या विषयाशी निगडित आहे. जुन्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' आणि नव्या कागदांवर 'जिल्हा रायगड' असे लिहिलेले असते. दोन्ही नावे एकाच प्रदेशाची आहेत हे अभ्यासकाला ठाऊक असते. यंत्राला मात्र ते सांगावे लागते. परिचय-सारणीत जुने नाव पुसून नवे लिहिले, तर १९८१ पूर्वीच्या सर्व नोंदी एका क्षणात अनाथ होतात.

दप्तरातील घटना व परिचय

महाराष्ट्रातील गाव दप्तर हे अनेक 'गाव नमुन्यां'चे बनलेले आहे. एफ. जी. एच. अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या नियमपुस्तिकेमुळे या नमुन्यांना निश्चित स्वरूप आले. जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ती आजही 'अँडरसन मॅन्युअल' या नावानेच आहे. या नमुन्यांकडे विदा-प्रतिमानाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांतील परस्परसंबंध स्पष्ट होतो. गाव नमुना १, म्हणजे आकारबंद, हा जमिनीचा परिचय देतो : भूमापन क्रमांक, क्षेत्र व आकार. गाव नमुना ८-अ हा खातेदाराचा परिचय देतो. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाची घटना नोंदवतो. गाव नमुना १२ हा दर हंगामातील पीक पाहणीची घटना नोंदवतो. गाव नमुना ७ मध्ये जमीन व खातेदार यांची गाठ पडते. सात व बारा हे नमुने एकाच कागदावर आले, म्हणून त्या कागदाला 'सातबारा' हे नाव पडले.

या व्यवस्थेत न जुळणारी नोंद तीन प्रकारे निर्माण होते. पहिल्या प्रकारात घटना असते, पण परिचय नसतो : शेत कोणीतरी कसतो, परंतु त्याचे नाव दप्तरात नाही. दुसऱ्या प्रकारात परिचय असतो, पण घटना नसते : जमिनीचा क्रमांक व आकार दप्तरात आहे, परंतु तेथे काही पिकत नाही. तिसऱ्या प्रकारात परिचय उशिरा येतो : खातेदार मृत झाला आहे, पण वारसांची नोंद अद्याप झालेली नाही.

खोती : वगळलेल्या नोंदींचे दप्तर

कुलाबा जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोती पद्धत होती. खोत हा सरकार व रयत यांच्यामधला दुवा होता. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची आणि कसणाऱ्यांकडून वसुली करण्याचा अधिकारही त्याचाच. सरकारचा व्यवहार खोताशी असल्याने सरकारच्या दृष्टीने खोताचे नाव पुरेसे होते. भात पिकवण्याची घटना शेकडो हातांनी घडत होती, परंतु परिचयाच्या रकान्यात एकच नाव होते.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर हे 'इनर जॉइन' होय. दोन सारण्या जोडताना जी नोंद दोन्हीकडे सापडेल तेवढीच ठेवायची व उरलेली गाळायची, अशी ही पद्धत आहे. तिचा धोका असा की निकालात कोणतीही चूक दिसत नाही. बेरीज बरोबर येते, कागद स्वच्छ दिसतो, आणि जे गळले त्याचा मागमूसही उरत नाही. सारावसुलीचा हिशेब बरोबर होता. कसणारा मात्र त्या हिशेबात नव्हता.

ही उणीव केवळ खोती गावांपुरती नव्हती. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या कार्यातून उभी राहिलेली मुंबई इलाख्याची पाहणी पद्धत व तिच्यावर आधारलेली १८७९ ची जमीन महसूल संहिता यांचा भर सारा देण्यास जबाबदार असलेल्या व्यक्तीवर होता. प्रत्यक्षात कोणाचा कोणता हक्क आहे हे त्या दप्तरातून कळत नसे. ही त्रुटी दूर करण्यासाठी १९०३ साली मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा करण्यात आला आणि १९१३ साली त्याच्या तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. हक्क आणि बदल नोंदवणारी स्वतंत्र व्यवस्था अस्तित्वात आली ती या टप्प्यावर.

तथापि व्यवस्था अस्तित्वात येणे आणि कसणाऱ्याचे नाव तिच्यात येणे या दोन भिन्न बाबी होत्या. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या लढ्यात खंडाचा दर हा प्रश्न होताच. त्याबरोबर जमिनीशी असलेले आपले नाते कोठेही लिहिलेले नाही, हाही प्रश्न होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला.

'खुद्द' हा शेरा : बळजबरीने जुळवलेली नोंद

१९४८ च्या कूळ कायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने नोंदीचे मोल एकदम वाढवले. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ होता तो जमिनीचा खरेदीदार मानला गेला. म्हणजे एका विशिष्ट तारखेस दप्तरात काय लिहिले होते यावर पिढ्यांचे भवितव्य ठरणार होते.

पीक पाहणीच्या नमुन्यात 'रीत' आणि 'जमीन करणाऱ्याचे नाव' असे रकाने होते. जमीन मालक स्वतः करीत असेल तर 'खुद्द' असा शेरा येई. शेतात राबणारा एक व दप्तरात 'खुद्द' म्हणून मालक, असे प्रकार अनेक ठिकाणी घडले. येथे नोंद गाळलेली नाही. ती चुकीच्या परिचयाला बळजबरीने जोडलेली आहे. विदा-प्रतिमानाच्या दृष्टीने हा गाळण्याहून गंभीर दोष होय. गाळलेल्या नोंदीची उणीव एखाद्या दिवशी मूळ घटनांच्या मोजणीतून उघड होऊ शकते. चुकीची जोडलेली नोंद मात्र जुळलेली दिसते आणि म्हणून तिच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही. शिवाय अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ सांगते. म्हणजे चुकीच्या जुळणीमागे कायद्याचे गृहीतकही उभे राहते.

कूळ कायद्याने या अडचणीवर एक मार्ग ठेवला होता. दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारी व्यक्ती, विशिष्ट अपवाद सोडता, कूळ मानावी, असे कलम ४ म्हणते; आणि कोणी कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कलम ७० अन्वये मामलेदाराला देण्यात आला. दप्तरात नाव नाही एवढ्यावरून घटना खोटी ठरत नाही, हे तत्त्व येथे मान्य झाले. परंतु सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यावरच पडला.

गाव नमुना ७-ब : अनाथ नोंदींचे घर

न जुळणाऱ्या नोंदींसाठी आधुनिक विदा-प्रतिमानात रूढ झालेला उपाय असा आहे : परिचय-सारणीत 'अज्ञात' नावाची एक ओळ मुद्दाम ठेवावी आणि ज्या घटनेचा परिचय सापडत नाही ती त्या ओळीशी जोडावी. त्यामुळे एकही घटना गळत नाही, एकूण बेरीज कायम राहते आणि 'अज्ञात' खाली किती नोंदी आहेत हे केव्हाही मोजता येते.

गाव दप्तरात या उपायाचे प्रतिरूप आढळते. गाव नमुना ७-ब ही अधिकार अभिलेखानुसार जिच्या ताब्यात जमीन असल्याचे मानले जाते त्या व्यक्तीव्यतिरिक्त इतर व्यक्तीच्या ताब्यात असलेल्या जमिनींची नोंदवही होय. अधिकार अभिलेख व नोंदवह्यांसंबंधीच्या १९७१ च्या नियमांनुसार, पीक पाहणीच्या वेळी दप्तरातील व्यक्तीऐवजी दुसरीच व्यक्ती जमीन कसताना आढळली तर तलाठ्याने ते परस्पर सातबाऱ्यावर लिहावयाचे नाही. स्वतंत्र नोंदवहीत घेऊन तहसीलदाराला कळवावयाचे आणि तहसीलदाराने चौकशी करून निर्णय द्यावयाचा.

या तरतुदीतील विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. तलाठ्याने घटना नाकारावयाची नाही, तसेच तिला मनाने परिचयही द्यावयाचा नाही. तिला तात्पुरते घर द्यावयाचे आणि निर्णय अधिकारी व्यक्तीकडे सोपवावयाचा. 'अज्ञात' ओळीपेक्षा ही व्यवस्था एका बाबतीत सरस आहे. संगणकातील 'अज्ञात' ओळ नोंद साठवते; पण ती नोंद कोणी, केव्हा सोडवावी हे सांगत नाही. ७-ब मध्ये साठवणुकीबरोबर चौकशीचे कर्तव्यही नेमून दिलेले आहे.

याच जातीचे आणखी दोन नमुने आहेत. फेरफारावर हरकत आली तर तो वाद गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातो. खातेदार मृत झाल्यास वारसांचे प्रकरण गाव नमुना ६-क मध्ये नोंदवून चौकशीनंतर फेरफारास येते. परिचय उशिरा येत असेल तर जुन्या नोंदीला धक्का न लावता त्याची वाट पाहण्याची ही रीत होय. वारसनोंद झाल्यावरही मृताचे नाव खोडून नाहीसे केले जात नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर त्या नावाला कंस करून फेरफार क्रमांक लिहिला जाई. जुना परिचय, नवा परिचय आणि त्यांना जोडणारी घटना हे तिन्ही एका कागदावर वाचता येत. परिचयातील बदलाचा इतिहास राखण्यासाठी संगणकशास्त्र आज जी जुन्या-नव्या ओळींची पद्धत शिकवते, तिचे सार या कंसात आहे.

खारजमीन आणि दळी : दप्तराच्या दोन कडा

परिचय आहे पण घटना नाही, हा दुसरा प्रकार खाडीकाठी दिसतो. पेण तालुक्यातील खारजमीन बांधबंदिस्ती व उघाड्यांच्या बळावर पिकते. जुन्या काळी या भागात अशा जमिनींसाठी शिलोत्री ही वेगळी पद्धत होती. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींसाठी कायदा झाला व १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. बांध फुटला व वेळेवर दुरुस्त झाला नाही की खारे पाणी शेतात शिरते, भात नाहीसे होते आणि कालांतराने कांदळवन वाढते. आकारबंदात मात्र तोच क्रमांक, तेच क्षेत्र व तोच आकार राहतो. केवळ घटना-सारणी पाहणाऱ्याला ही जमीन दिसणारच नाही, कारण तेथे पीकच नाही. जमिनीच्या यादीपासून सुरुवात करून प्रत्येक क्रमांकासमोर पीक आहे की नाही हे पाहिले तरच नुकसान मोजता येते. संगणकाच्या भाषेत याला 'लेफ्ट जॉइन' म्हणतात. येथे ती भरपाईची पहिली अट ठरते.

दुसरी कडा डोंगराची. रायगडच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे दळीची शेती करीत आली. ती जमीन वनाची असल्याने कसणाऱ्याचा परिचय महसुली सातबाऱ्यात मिळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने व त्याखालील २००८ च्या नियमांनी येथे महत्त्वाचे पाऊल टाकले. दाव्याचा पुरावा म्हणून सरकारी कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही ग्राह्य धरण्यात आले. घटना आधी व परिचय नंतर, हा क्रम कायद्याने स्वीकारला.

संपादन, मतदान आणि नोंद

न जुळणारी नोंद वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहू शकते. तिची किंमत कळते ती संपादनाच्या वेळी. कासू परिसरातून महामार्ग व लोहमार्ग दोन्ही गेलेले आहेत. मोबदला कोणाला द्यावयाचा हे दप्तर सांगते. दप्तर सांगू शकले नाही तर? राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ च्या कलम ३-एच नुसार मोबदल्याच्या वाटणीबाबत वाद उद्भवल्यास तो निर्णयासाठी दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. म्हणजे रक्कम नाहीशी होत नाही. ती नाव मिळेपर्यंत थांबते. मात्र ज्याचे नाव कोठेच नाही, त्याच्या वतीने वाद उद्भवणार कसा, हा प्रश्न उरतोच.

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासंबंधी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. देशाचे लक्ष वेधणारी ती घटना होती. मत जमीनधारकांचे विचारायचे असल्याने जमीनधारक कोण, हा प्रश्न अपरिहार्यपणे दप्तराकडेच गेला. नोंद ही केवळ मालमत्तेची बाब नसून बोलण्याच्या अधिकाराची बाब आहे, हे यावरून दिसते.

संगणकीकरणाचा टप्पा

हस्तलिखित सातबाऱ्याचे साधारणतः दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. त्या वेळी एखादे नाव, एखादा इतर हक्क उतरवायचा राहून जाई. पुढे संगणकीकरणाने या सर्व नोंदी एकमेकींसमोर आणल्या. सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज, तसेच सातबारा आणि आठ-अ यांतील विसंगती यांचे अहवाल निघू लागले. २०१७ साली राज्यात संगणकीकृत सातबाऱ्यांच्या चावडी वाचनाची मोहीम झाली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करू लागला.

या टप्प्याचा लाभ व धोका दोन्ही नोंदवणे आवश्यक आहे. यंत्र विसंगती लपू देत नाही, हा लाभ. विसंगती शून्यावर आणण्याची घाई हा धोका. अहवालातील आकडा कमी करण्याचे दोन मार्ग असतात : चौकशी करून नोंद दुरुस्त करणे किंवा बेरीज जुळेल असे काहीतरी लिहिणे. दुसऱ्या मार्गाने 'खुद्द' हा जुना शेराच नव्या वेषात परत येतो. म्हणूनच संहितेच्या कलम १५५ खालील दुरुस्ती ही लेखनातील चुकीपुरती मर्यादित आहे. हक्काचा प्रश्न तिच्या आडून सोडवता येत नाही. चावडी वाचनाचे महत्त्वही येथेच आहे. न जुळणाऱ्या नोंदीचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्या सारणीत नसते. ते चावडीत बसलेल्या माणसांना ठाऊक असते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) न जुळणारी नोंद ही घटनेतील चूक असतेच असे नाही, पुष्कळदा ती परिचय-सारणीच्या अपुरेपणाची साक्ष असते. खोतीच्या दप्तरात कसणारा चुकीचा नव्हता, यादी अपुरी होती.

२) अशी नोंद गाळणे हा दोष आहे, परंतु तिला सोयीच्या नावाशी जोडणे हा त्याहून मोठा दोष आहे.

३) गाव नमुने ७-ब, ६-अ व ६-क यांत नोंद राखणे, तिला वेगळी ठेवणे व निर्णयाची जबाबदारी नेमणे ही तीन तत्त्वे एकत्र आढळतात. 'अज्ञात' ओळीवर थांबणाऱ्या विदा-प्रतिमानाने यांतील तिसरे तत्त्व स्वीकारणे इष्ट ठरेल.

४) नोंद वेगळी ठेवणे म्हणजे न्याय नव्हे. निर्णय न झाल्यास ७-ब हेही विस्मरणाचेच एक स्थान ठरते.

इतिहासाच्या अभ्यासकांनी दप्तर वाचताना जे लिहिले आहे त्याबरोबर जे जुळत नाही त्याचीही स्वतंत्र यादी करावी, आणि संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी हा विषय शिकवताना दुकानातील ग्राहकाबरोबर खाचरातील कुळाचे उदाहरणही द्यावे, असे सुचवावेसे वाटते. रिकाम्या रकान्यामागे बहुधा एक माणूस उभा असतो. तो दिसेल अशी सारणी आखणे हे दोन्ही विद्याशाखांचे समान कर्तव्य आहे.